कडू भाकरीचा सांगावा

माझी आय गेली त्या दिवशी मला लय भूक लागलीती. हे सांगायला लाज वाटती, खरं सुरवात तितनंच करायला पायजे, कारन माझा सगळा राग त्या भुकेतनं निघालाय आन अजून उतरला न्हाई.

आमचं गाव आटपाडीच्या अंगाला, माळावर. आता पानी आलंय, डाळिंबं आल्यात, दारात गाड्या आल्यात. आदी नुसती कुसळं हुती आन मेंढरं. आमी मेंढरामागची मानसं. शाळेचं म्हनाल तर मी शाळेत दोनदा गेलो. एकदा नाव घालायला, आन एकदा वर्गात शिरल्यालं बकरं भायेर काढायला. दुसऱ्या बारीला जास्त येळ थांबलो. मास्तर म्हनले, बकरं तरी शिकंल असं वाटलंतं.

आमच्याकडं मयत झालं की त्या घरात चूल पेटवायची न्हाई. मातीला जाऊन आलेल्या घरच्या मानसांला शेजारपाजारच्या घरनं भाकरी येती. तिला कडू भाकरी म्हनत्यात. ह्यात दोन गोष्टी पाळायच्या. ज्याच्या घरात मयत, त्यानं भाकरी मागायची न्हाई. तोंडातनं जेवनाचा शब्द जरी निघाला तरी लोकं वर्षभर बोलत्यात, आय मेली आन ह्याला भाकरीसंगं कोरड्यास पायजे हुतं म्हनून. आन आननाऱ्यानं इचारायचं न्हाई. आनायची, ताटात घालायची, भांडं घिऊन घरला जायचं.

हे सगळं माझ्या आयच्या जिवावर चालायचं. कुठनं रडायचा आवाज आला की ती हातातलं काम टाकायची. शेळीची धार काढत आसली तरी तशीच उठायची. गाव मयताच्या घराकडं पळायचं आन आय उलट्या अंगाला. घरोघर जायची, दारात उभी राहून दोन शब्द टाकायची. "तुझ्या ईस भाकऱ्या." "तुझा झुनका, पातेलंभर." "तू भात घाल, तितं बारकी पोरं हाईत." कुनाच्या घरात काय हाय, कुनाच्या हाताला चव हाय, कुनाची सून काय करपिवती, सगळं तिला तोंडपाठ. ह्याला सांगावा म्हनायचे. सांगावा देऊन झाला की घरला यायची, काटवटीत पीठ घ्यायची आन स्वतः पन्नासभर भाकऱ्या थापायची. वर दुसऱ्या दिवशी पुन्ना मेंढरामागं. बा माझा लवकर गेला. मला आन बहिनीला तिनं मेंढरं राखून, लोकर कातून, लोकाच्या रानात भांगलून वाढवलं. तिला दमल्याली मी बघितली न्हाई. म्हंजे दमत आसंल. मी बघितली न्हाई.

घरात एक पत्र्याचा डबा हुता. त्यात शाळूचं पीठ कायम भरल्यालं. त्या पिठाला घरातल्यांनी हात लावायचा न्हाई. मयत काय सांगून होत न्हाई, आन गिरनीत लाईट आसंलच असं न्हाई, म्हनून ते पीठ राखून ठेवल्यालं. एकदा मी दोन दोस्त घरी आनले, मोठेपना करून. घरातलं पीठ सपल्यालं, बायको नको नको म्हनत हुती, म्या डब्यातलं काढून दिलं. मटान झालं, भाकऱ्या झाल्या, मी दोस्तांला म्हनलो, आमच्यात कशाची कमी न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी खालच्या आळीतला म्हातारा गेला. आयनं डबा उघडला तर तळाला दोन मुठी. ती मला काय बोलली न्हाई. शेजारनं उसनं पीठ आनलं, भाकऱ्या केल्या, पोचवून आली. मग पाय पसरून बसली आन म्हनली, "घरातल्या भुकंला दम निघतो रं. रडनाऱ्याला बी भूक लागती, आन त्याला ती सांगायची लाज वाटती. त्यानं कसं करायचं?"

म्या म्हनलं, बरोबर हाय. बरोबर हाय म्हनायला मी पैल्यापासनं हुशार.

आता माझं काम काय, ते सांगतो. भाकऱ्या झाल्या की त्या बुट्टीत घालायच्या, वर फडकं टाकायचं आन मयताच्या घरी न्यायच्या. बुट्टी जड व्हायची. आयचे गुडघे गेल्याले. ती म्हनायची, बाबा, तेवढी बुट्टी घे डोक्यावर. मी म्हनायचो, मिशीवाला मानूस डोक्यावर बुट्टी घिऊन गावातनं जातो व्हय? मग ती बुट्टी घिऊन म्होरं, आन मी धा पावलं मागं, हात हलवत. वाटंत कोन भेटलं तर मीच सांगायचो, चाललोय भाकरी घिऊन.

तितं गेल्यावर मात्र मी कामाला यायचो. मला लोकांला हसवता येतं, दुसरं काय येत न्हाई. घरच्या मानसांच्या पंगतीत मी बसायचो, दोन हिकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायचो, गेल्याल्या मानसाची एखादी गमतीची आठवन काढायचो. रडनारं मानूस हसायचं आन हसता हसता घास घ्यायचं. त्याला सोबत म्हनून मीबी घ्यायचो. त्याचा एक, माझे चार. गावात बोलायचे, मयताच्या घरची भाकरी घरच्यापेक्षा ह्योच जास्त खातो. खोटं न्हवतं. मला वाटायचं आमी दोघं मायलेक मिळून गावाची सेवा करतोय.

आय गेली ती सकाळी. अंगन झाडून भितीला टेकून बसली, बायकोनं च्या दिला, च्या थंड झाला. एवढंच. हाक मारली तर मान कलंडली.

बहीन माझी तिकडं पाचगनीला आसती. एका मोठ्या शाळेच्या भटारखान्यात सैपाक करती. शेकडो पोरांला रोज जेवू घालती. ती यायची म्हनून थांबलो. ती आली, माती झाली, परत येऊन आंघुळी केल्या, आन घरात बसलो. मी, बायको, बहीन, आन माझा मामा. मामाला साखरंचा आजार. सकाळपासनं कुनाच्या पोटात पान्याशिवाय काय न्हाई. बहीन तर आदल्या रातच्या जेवनावर घाट उतरून आलेली.

मला वाटलं आता येतील. गाव एवढं, आयनं घातल्याल्या भाकऱ्या एवढ्या, आज तर बुट्ट्यांची रांग लागंल. मी मनात म्हनलो बी, एवढं कोन खानार. खरं सांगतो, असा इचार आला. आयला माती देऊन तास झाला न्हवता आन मी उरल्याल्या भाकरीचं काय करायचं ह्या काळजीत.

मानसं यायची. बसायची, जमिनीकडं बघायची. किती वाजता गेल्या, आजारी हुत्या का, लय वाईट झालं. हात जोडून जायची. परत्येकाच्या हातांकडं माझी नजर. मोकळे हात. एका हातात काय तरी दिसलं, माझा जीव वर आला. मोबाईल हुता.

मोबाईलचं तर सांगूच नका. गावाचा एक ग्रुप हाय त्याच्यावर आयचा फोटो टाकल्याला. खाली धडाधडा यायलं. भावपूर्ण श्रद्धांजली. फुल, मेनबत्ती, जोडल्याले हात. मला वाचता येत न्हाई, खरं हात जोडल्याले वळखू येत्यात. फोन खिशात नुसता थरथरत हुता. म्या बायकोला म्हनलं, एवढ्या बोटांनी एक एक भाकरी थापली असती तर गाडी भरली असती. ती म्हनली, गप बसा, लोकं ऐकत्यात.

तेवढ्यात तालुक्याचा एक पुढारी आला, पांढरी कापडं, मागं चारजन. माझ्याजवळ बसला. आन माझ्या पोटात गुरगुरलं. साधं न्हाई, म्हस पान्यात बसल्यावर करती तसं. त्याला वाटलं हुंदका आला. पाठीवरनं हात फिरवत म्हनला, दाबून ठेवू नका, मोकळं व्हा. मला हसू आलं. हसू दाबाय गेलो तर खांदे हालले. त्यो आनखी थोपटाय लागला. गावात अजून सांगत्यात, आय गेली तवा त्यो इनोदी मानूस कसला धाय मोकलून रडला.

शेजारी माझी चुलती राहती. भित एकच, चूल येगळी. तिच्या घरातनं तवा तापल्याचा वास येत हुता. मी त्या वासाकडं कान लावून बसलो. नाकाचं काम कानानं कराय लागलो म्हंजे बघा. आता येती, आता येती. वास आला तसा गेला. कोन आलं न्हाई.

दिवस कलला तसा मामाचा हात कापाय लागला. कपाळाला घाम. बहिनीनं त्याच्या तोंडात साखर घातली. कोपऱ्यात त्यो पत्र्याचा डबा, काठोकाठ भरल्याला. आयनं चार दिवसामागंच दळून आनल्यालं पीठ. चूल हुती, जळान हुतं, पीठ हुतं, शेकडो पोरांला घालनारी बहीन समोर बसल्याली. आन कुनाला कशाला हात लावता येत न्हवता. सुतकाच्या घरात चूल पेटवली तर गाव काय म्हनंल. त्या गावाची लाज, जे गाव आमाला उपाशी बसवून फुलं पाठवत हुतं.

शेवटी बहीन उठली. डोक्यावर पदर घेतला आन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. सुतकाची बाई दुकानाच्या पायरीवर. बिस्किटाचे चार पुडे आनले. आमी ते पान्यात बुडवून खाल्ले. गावाला भाकरी घालनाऱ्या बाईचं घर तिच्या मातीदिवशी बिस्कीट खात हुतं. मी सहा खाल्ली. सातवं मामाला दिलं, तेवढं तरी सांगू द्या.

राग मला तितं आला. पोटात कायतरी पडल्याशिवाय रागबी येत न्हाई.

तिसऱ्या दिशी रक्षा सावडायची. आमच्याकडं आता तितंबी भाषनं करत्यात. माईक न्हवता एवढं नशीब. त्योच पुढारी आला. म्हनला, ही माऊली म्हंजे गावाची अन्नपूर्णा हुती. तिच्या नावानं गावाच्या येशीवर कमान उभी करू. लोकांनी माना हलवल्या. दुसरा उठला, म्हनला, तिच्या हातची भाकरी खाल्ली न्हाई असं घर न्हाई. तिसरा म्हनला, असली मानसं पुन्ना होनं न्हाई. कावळ्यासाठी नैवेद मांडल्याला, त्यात भात, वडा, तिला आवडायची म्हनून तमाखूची चिमूट. कावळा लांब बाभळीवर. त्याला भाषन आवडत नसावं.

मी उठलो. मी उठल्यावर लोकांच्या तोंडावर हसू आलं. सवय हाय त्यांला, ह्यो उठला म्हंजे कायतरी गंमत सांगनार, वातावरन हलकं होनार. म्या म्हनलं, "परवा माझ्या घरात ज्याच्या घरची भाकरी आली, त्यानं हात वर करावा."

लोकं हसली. आईशप्पथ सांगतो, हसली. त्यांला वाटलं सुरवात झाली.

मी तसाच उभा राहिलो. मग एकाएकाचं हसू वाळत गेलं. म्या म्हनलं, माझा बा कोरेगावच्या अंगाला मेला. उसाच्या रानात आमची मेंढरं बसवल्याली, आमाला तितं कोन वळखत न्हवतं. त्या रानाच्या मालकाची बायको, बागायतदाराच्या घरातली, कवा आमच्यासंगं बोलल्याली न्हाई, ती पालापशी भाकरी घिऊन आली. न सांगता आली. परमुलखात माझ्या आयला भाकरी भेटली, आन तिच्या गावात तिच्या पोरांला न्हाई. कमान कसली बांधताय? त्या कमानीखालनं काय नेनार हाय, बिस्किटं?

पुढारी घड्याळाकडं बघाय लागला. मग बायांच्यातनं माझी चुलती उठली. तिचं आन आयचं चाळीस वर्सं रोज भांडान आन रोज कालवनाची देवान-घेवान. ती म्हनली, "माझ्या घरात पीठ मळल्यालं हुतं रं. तवाबी तापवल्याला. मी दारात उभी हुते. किती करायच्या, भाकरी करायची का झुनका, कुनी सांगितलंच न्हाई."

म्या म्हनलं, सांगाय कशाला पायजे? भाकरीला काय निमंत्रन लागतं?

"चाळीस वर्सं लागत हुतं," ती म्हनली. "ती यायची, सांगायची, मग आमी करायचो. एकदा मी आपल्या मनानं केल्या तर कशी वरडली, तुला कुनी सांगितल्या म्हनून. तवापासनं गावात कोन आपल्या मनानं करत न्हाई. परवा समद्या गल्लीत पीठ मळल्यालं हुतं. सांगनारी मेल्याली, आन सुतकाच्या घरात जाऊन किती भाकऱ्या म्हनून इचारायचं कुनी?"

दुसरी एक बाई हळूच म्हनली, आमच्याबी घरात मळल्यालं, मग म्हशीला घातलं.

म्हशीला. समद्या गल्लीत आमच्यासाठनं पीठ मळून ठेवल्यालं आन आमी मधी बसून बिस्कीट बुडवत हुतो. आन चुलती एवढ्यावर थांबली न्हाई. म्हनली, "आन तिच्या मागनं सांगावा कुनी द्यायचा? तिचा ल्योक कोन? धा पावलं मागं हिंडत हुतास न्हवं जल्मभर? एका घराच्या दारात तरी उभा राहिलास?"

आता लोकं माझ्याकडं बघत हुती. मी त्यांच्यावर हात उगारून उठल्याला, आन तो हात कुठं ठेवावा कळंना.

तेवढ्यात कुनीतरी कावळ्याची आठवन काढली. कावळा शिवत न्हवता. जुनी मानसं म्हनाली, तिचा जीव आडकलाय. मला म्हनले, शबूद दे तिला. म्हन, आये, तुझा सांगावा मी चालवीन. शिवंल बघ.

म्या म्हनलं, "न्हाई देत."

बहीन म्हनली, दे की दादा. बायकोनं बाही वढली. मामा म्हनला, बाबा, आयसाठनं. मी न्हाई म्हनलं ते न्हाईच. मला त्या घडीला गावाचा राग हुता, चुलतीचा हुता, खरं सगळ्यात जास्त आयचा हुता. समदं सोता केलंस. कुनाला करू दिलं न्हाईस, कुनाला शिकवलं न्हाईस. मला बुट्टी घे म्हनायचीस, मी न्हाई म्हनलो की गप घ्यायचीस. एक कानाखाली दिली असतीस तर घेतली असती मी. गावाला हात असून थोटं केलंस आन मला मिशा असून बारकं पोर ठेवलंस. आन आता वर बाभळीवर बसून शबूद मागतीस.

दोन तास ऊन खात बसलो. कावळा काय आला न्हाई. शेवटी नैवेद गाईला घातला. गाईनं तमाखूसकट खाल्ला. गावानं ठरवलं, ह्याच्या आडमुठेपनानं आयचा जीव घोटाळला. आसंल बी. मी त्या दिवसापासनं गावात कुनाच्या मातीला गेलो न्हाई. लोकं बोलत्यात तसं रुसून न्हाई, मयतच झालं न्हाई कुठं. नायतरी मी गेलो नसतो.

दोन म्हैन्यानं चुलतीचा म्हातारा गेला. माझा चुलता. सकाळी भितीपलीकडनं आवाज आला. मी खाटंवर बसल्याला. बायको पदर सावरून उठली. माझ्या तोंडातनं गेलं, आता बसा म्हनावं उपाशी.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती मला कंदी शिवी देत न्हाई. तसं बघती. आन ती पलीकडं गेली.

मी दारात आलो. आन काय बघतो, समदी गल्ली दारात उभी. परत्येक दारात एक बाई, पदराला हात पुसत, ह्या टोकाकडं बघती, त्या टोकाकडं बघती. पीठ मळून उभ्या हुत्या. हालत कोन न्हवतं. चुलत्याच्या घरातला आवाज वाढत हुता आन ह्या बाया सांगाव्याची वाट बघत हुत्या. मेल्याल्या बाईची वाट बघत हुत्या. तीन दारं वलांडून शेवटी नजर माझ्यावर येऊन थांबायची आन खाली जायची.

मला असला राग आला. मी पायात चपला न घालता निघालो. पैल्या दारात जाऊन वरडलो, काय बघतीस, कुनाची वाट बघतीस, झुनका कर. दुसऱ्या दारात, तुमच्या घरात काय मानसं मरत न्हाईत का, झुनका टाका. तिसऱ्या घरात म्हातारी म्हनली, आवं दादा, किती मानसांचा? म्या म्हनलं, गावाचा. सगळ्या गल्लीतनं शिव्या घालत फिरलो. पैल्या घरात तोंडाला जो शबूद आला त्योच शेवटपत्तोर बसला. रागात मानसाला दुसरा शबूद सुचत न्हाई. आयचा सांगावा कसा असायचा, ह्याला भाकरी, त्याला भात, त्याला पानी. ते मला शेवटच्या दाराशी आठवलं बी न्हाई. मी घामाघूम हुन मातीला गेलो, छाती काढून. मनात म्हनलो, बघ आये, जमलं.

माती झाली. आंघुळी झाल्या. चुलतीच्या घरात मानसं बसली. आन भांडी याय लागली. पैलं पातेलं आलं, झुनका. दुसरं आलं, झुनका. कढई आली, झुनका. डबा आला, झुनका. माझ्या बायकोनं आनलं, फडकं काढलं, झुनका. म्या तिच्याकडं बघितलं तर ती म्हनली, "तुमी वरडत गल्लीतनं गेला ते ऐकलं की म्या. मला काय येगळं सांगितलंत?"

ओळीनं बारा भांडी झुनक्याची. कोरडा, पातळ, लसनाचा, कांद्याचा. समद्या गल्लीत मळून ठेवल्यालं पीठ बाजूला सारून बायांनी झुनका केल्याला, कारन सांगावा झुनक्याचा हुता. भाकरी एक न्हाई. चतकोर न्हाई.

मयताचं घर. कोन हसनार? पर मागल्या बाजूला एक बाई पदरात तोंड घालून हालाय लागली, मग दुसरी. चुलतीचा थोरला पोरगा रडत हुता त्यो रडता रडता फिसकन हसला आन पुन्ना रडाय लागला. मी जल्मभर मयताच्या घरात लोकांला हसवत आलो, खरं असं न हसवता कंदी हसवलं न्हवतं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

चुलती भितीला टेकून बसल्याली. मोकळं कपाळ, डोळे सुजल्याले. तिनं त्या बारा भांड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता हितं समद्यांसमोर काढती माझी. ती नुसती म्हनली, "आता भाकरी सांग की रं कुनालातरी."

मी भायेर आलो. मगाशी एवढा वरडल्याला गडी, आता दारादारात जाऊन हळू म्हनत हुतो, बाई, तुझ्या धा भाकऱ्या. तुझ्या ईस. एकीनं म्हनलं, आवं पीठ म्हशीला घालाय काढलंतं, थांबा. माझ्या घरात बायकोनं चूल पेटवली. तवे दोन, थापनारी एक. मी समोर बसलो आन काटवटीत हात घातला. मिशीला पीठ लागलं. पैली भाकरी फाटली. दुसरी आटपाडी तालुक्याच्या नकाशागत झाली. तिसरी तव्यावर टाकताना निम्मी चुलीत. बायको हातातली भाकरी फिरवत म्हनली, गेल्याल्या मानसाला राग येईल, तुमी उठा. मी उठलो न्हाई. आठ केल्या. त्यातल्या पाच खायच्या.

चुलतीच्या ताटात माझीच गेली, कशी काय कुनाला ठावं. तिनं तुकडा मोडला, झुनका लावला, चावला. म्हनली, "कच्ची हाय."

म्या म्हनलं, "खा गप."

तिनं खाल्ली. सगळी.

आता तुमी म्हनाल, मग राग गेला आसंल. राग कशाचा जातोय. आता कुठं मयत झालं की लोकं माझ्या दाराकडं बघत्यात, आन मला पुन्ना तितनंच सुरवात होती. शिव्या घालतच उठतो. खरं सांगावा नीट देतो. कुनाच्या किती भाकऱ्या, कुनाचा भात, आता मलाबी पाठ हुत आलंय. एकदा तर एका घरात जावईच मेल्याला आन मी रागाच्या भरात त्याच घराला भाकऱ्या सांगून आलो. असं हुतं कवा कवा.

परवा वरच्या आळीत म्हातारी गेली. मी चपला घालून निघतोय तवर एका घरातनं भाकऱ्या थापल्याचा आवाज. नवी सून आल्याली, कुंडलकडची. तिला आमच्यातलं काय ठावं न्हाई. आपल्या मनानंच थापत बसल्याली, शेजारी तीस-एक भाकऱ्यांची चळत. मी दारात जाऊन वरडलो, तुला कुनी सांगितल्या? ती बिचारी पीठ भरल्याले हात तसेच धरून बघाय लागली. मी आनखी चार शबूद टाकले आन म्होरल्या दाराला गेलो.

घरला येऊन हात धुताना धेनात आलं, आय चुलतीवर वरडलीती त्योच शबूद माझ्या तोंडातनं गेलता. पान्याचा तांब्या बायकोनं माझ्या हातातनं काढून घेतला.

दुसऱ्या दिशी सकाळी त्या पोरीच्या दारात गेलो. सासरा पेपर वाचत बसल्याला, मला बघून उठला, परत कोन गेलं म्हनून. म्या म्हनलं कोन न्हाई. सुनंला भायेर बोलवलं. घसा साफ केला. म्हनलं, बाई, काल मी चुकलो. म्होरल्या येळंला रडायचा आवाज आला की सरळ थापायला घे. मला इचारत बसू नगंस.

तिनं पदर नीट केला. म्हनली, "काल तरी तुमाला कुनी इचारलंतं, मामा?"